मी उशिरा वाजवलेली घंटा

स्टेशनमास्तरांनी लोखंडी दांडा माझ्या पायावर टाकला. नव्या नोकरीचा पहिला दिवस. मी तो घ्यायला हात पुढे केला होता, त्यांच्या हातातून घ्यायचं नसतं एवढं भान राहिलं नव्हतं. अंगठ्याचं नख उलटलं, रक्त आलं. मुसाफिरखान्यात बसलेली पंधरा-वीस माणसं बघत होती. मास्तर म्हणाले, "हात मागं ठेवायचा. जमिनीवरून उचलायचं." लोक हसले.

मीही हसलो. उलटलेल्या नखावर उभा राहून दात काढून हसलो. पुढं जे घडलं त्याची सुरुवात कुठं झाली असं कुणी विचारलं, तर मी त्या हसण्याकडं बोट दाखवीन. दांडा मास्तरांनी टाकला. हसलो तो मी.

सोलापूरहून दुधनीकडं जाताना लागणारं ते एक लहान स्टेशन. नाव लिहीत नाही, सगळीकडं हेच चालायचं. मी तिथं सांधेवाला होतो. रूळ बदलायचे, सिग्नलच्या दिव्यात तेल घालायचं, फलाटाच्या फाटकाला कडी लावायची, काढायची. आणि घंटा द्यायची. घंटा म्हणजे रुळाचा हातभर तुकडा, ऑफिसच्या दारापुढं साखळीला टांगलेला. तो वाजवायचा दांडा मास्तर आत ठेवायचे. वेळ झाली की दाराबाहेर टाकायचे, मी उचलायचा, वाजवायचा, परत तिथंच ठेवायचा. मग मास्तरांचा गडी त्यावर तांब्याभर पाणी ओतून तो आत न्यायचा.

आज कुणाला ते खरं वाटणार नाही, पण त्या घंटेवर दहा गावं चालायची. घड्याळ कुणाकडं होतं? मागच्या स्टेशनावरून गाडी सुटली की इकडं तारेनं कळायचं. लगेच पहिली घंटा. घंटा झाली की तिकिटाची खिडकी उघडायची, त्याआधी कुणी खिडकीशी गेलं तर शिव्या खायच्या. तिथून गाडी यायला वीसेक मिनिटं लागायची. तेवढ्यात तिकीट काढून फाटकातून आत यायचं. इंजिन समोर दिसलं की दुसरी घंटा आणि फाटकाला कडी. एकदा कडी लागली की हातात तिकीट असलं तरी बाहेरचा बाहेर.

हा झाला कायदा. पण आमच्या भागातल्या एका इनामदारांचे सोलापूरच्या कोर्टात दावे चालू होते. महिन्यातून दोन-तीनदा ते सकाळच्या गाडीनं तारखेला जायचे. बरोबर बायकामाणसं, वळकट्या, फराळाचे डबे. फलाटावर गर्दी त्यांना खपायची नाही. म्हणून त्या दिवशी पहिली घंटा उशिरा. मास्तरांनी तसं ठरवूनच टाकलं होतं. यंत्र कडकडलं, तार आली, की मी दाराकडं बघायचो. मास्तर नुसती मान हलवायचे, म्हणजे थांब. लांबवर धूर दिसला की दांडा बाहेर पडायचा. तोवर इनामदारांची माणसं रिकाम्या फलाटावर ऐसपैस उभी. मग खिडकीवर झुंबड. पाच मिनिटांत ज्यांना तिकीट मिळालं ते पळत सुटायचे. ज्यांचा नंबर शेवटी, ते राहायचे.

शेवटी कोण, हे सांगायला नको. गाडीत बसायला आम्हाला मनाई नव्हती. डबा सगळ्यांचा एकच, ढकलाढकली तीच. पण मुसाफिरखान्याच्या पत्र्याखाली आमच्या लोकांना बसू देत नसत. ते कुंपणाबाहेरच्या लिंबाखाली बसायचे आणि खिडकीशी सगळ्यांचं झालं की जायचे. तिथं बसून त्यांना काही दिसायचं नाही. नुसता कान घंटेकडं.

आणि मी? मी कोटाच्या गुंड्या लावत होतो. माझ्या बापानं जन्मभर गावची येसकरकी केली, दारोदार फिरून भाकरी गोळा केली. मला खाकी कोट मिळाला, पितळी बिल्ला मिळाला. मास्तर एकदा कुणाला तरी सांगताना माझ्याबद्दल म्हणाले, हा आपला माणूस आहे. लांबूनच म्हणाले. मला ते महिनाभर पुरलं. लिंबाखाली कुणी जरा मोठ्यानं बोललं की मी धावून जायचो. "ए, गप बसा की. हितं काय बाजार भरलाय व्हय?" दुसऱ्या कुणावर नाही, आमच्याच माणसांवर मी सगळ्यात मोठ्यानं ओरडायचो. मास्तरांना ऐकू जावं म्हणून. मला त्याची गोडी लागली होती. हे लिहिताना लाज वाटते, पण खोटं लिहायचं असतं तर बसलोच नसतो.

ते उन्हाळ्याचे दिवस होते. सकाळी सकाळी आत्ती आली. माझ्या बापाची सख्खी बहीण. आई गेली तेव्हा मी रांगत होतो, हिनंच मला वाढवलं. तिचा लेक सिद्राम आणि महारवाड्यातले तिघं बाजेला खांदा देऊन आले होते. बाजेवर भागू, सिद्रामची बायको. पहिलटकरीण. दोन रात्री अडून पडली होती. सुईणीनं हात टेकले आणि सांगितलं, सोलापूरच्या दवाखान्यात न्या, वेळ घालवू नका. दोन कोस चालत आणली त्यांनी तिला. बाज लिंबाखाली ठेवली. भागू ओरडत नव्हती, नुसती कण्हत होती. मला ते जास्त वाईट वाटलं.

आत्ती कुंपणाशी आली. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "घंटा व्हायची हाय नव्हं रं अजून?"

"व्हायची हाय," मी म्हणालो. "झाली की सिद्रामला धाड खिडकीला."

तार येऊन गेली होती. इनामदारांची बैलगाडी स्टेशनच्या दाराशी उभी होती. मास्तरांनी मान हलवली होती. हे सगळं मला माहीत होतं आणि मी आत्तीच्या तोंडाकडं बघून ते वाक्य बोललो.

नाही म्हणायला मी ऑफिसच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. म्हणालो, साहेब, बाई अडलीय, बाज आणलीय. मास्तरांनी मान वर केली नाही. कुणाची ना कुणाची बाई रोजच अडलेली असते, त्याला रेल्वे काय करणार, असं काहीसं म्हणाले. मी "जी" म्हणालो आणि मागं सरलो. बस्स, एवढीच माझी झुंज. फाटक माझ्या ताब्यात होतं. बाज आधीच फलाटावर घेऊन ठेवता आली असती, तिकिटं मागून आली असती. डोक्यात आलं होतं ते. पण इनामदारांच्या बायकामाणसांच्या अंगावरून महाराची बाज फलाटावर न्यायची, मग नोकरी कसली राहते. मी बिल्ला चाचपला आणि घंटेशी जाऊन उभा राहिलो.

धूर दिसला. दांडा पडला. मी घंटा दिली.

खिडकीवर लोक तुटून पडले. सिद्राम मागं उभा. अंगानं तगडा, पण पुढं घुसायची सोय नाही. त्याचा हात खिडकीत गेला तेव्हा इंजिन आऊटर सिग्नल ओलांडून आत आलं होतं. तिकिटं घेऊन तो पळत लिंबाकडं गेला, चौघांनी बाज उचलली. मास्तर ओरडले, "फाटक." मी दुसरी घंटा दिली आणि फाटकाला कडी लावली.

बाज फाटकाला येऊन टेकली. मध्ये चार लाकडी फळ्या. सिद्रामनं तिकिटं वर धरली. म्हणाला, "दादा, कडी काढ."

मी म्हणालो, "दुसरी घंटा झाली."

भागूचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. तिचे डोळे उघडे होते. ती माझ्याकडंच बघत होती की नुसतं वर बघत होती, हे मला आजही सांगता येत नाही. गाडी दोन मिनिटं थांबली. इनामदारांची वळकटी चढली, डबे चढले. गार्डानं शिट्टी दिली. गाडी गेली.

पुढची गाडी संध्याकाळी. दुपार व्हायच्या आत भागू गेली. मूल पोटातच गेलं. आत्तीनं लुगड्याचा आडोसा धरला होता. तो तिनं खाली केला तेव्हा मला कळलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. उशिरा घेऊन आलो होतो, तेही मास्तर जेवायला गेल्यावर.

आत्तीनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ही मला शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. ती म्हणाली, "तुजा काय दोष बाबा. आमीच उशिरा आलो. घंटा कवा खोटी बोलती व्हय?"

ती माझी समजूत काढत होती. पोटातल्या नातवासकट सून मेलेली बाई माझी समजूत काढत होती. आणि मी काढून घेतली.

बाज आल्या वाटेनं परत गेली. दहाव्याला मी गेलो. सिद्राम ओट्याखाली बसला होता. दाढी वाढलेली. जो येईल त्याला तो एकच सांगत होता, "वाटंत वड्यापाशी खांदा बदलाया थांबलो. तितंच गाडी गेली बघा." माणसं मान डोलवायची. कुणीतरी म्हणालं, नशीब. एक म्हातारा म्हणाला, थांबायला नको होतं पोरा. सिद्राम ते ऐकून घ्यायचा आणि पुढच्याला परत वड्यापासून सांगायचा. मी ताटावर बसलो होतो. मी जेवलो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते लहानपणापासून ऐकत आलो होतो. तो दांडा कुणीतरी दुसरा असतो असं मला वाटायचं.

नंतर कळलं, सिद्राम कामाला जाईना. वड्याच्या बाजूनं जाईना. माणसं समोर आली की वाट सोडून शेतात शिरायचा. मेलेली बाई त्यानं अंगावर घेतली होती. तिचं ओझं माझं होतं, आणि मला रात्री झोप लागायची. एवढा मी निबर झालो होतो.

मध्ये कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी होती. महिन्याभरानं पुन्हा इनामदारांची तारीख आली. लिंबाखाली पाच-सात माणसं होती. माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. मोठं कारणही कुणाचं नसावं. एक म्हातारी गाठोडं घेऊन बसली होती आणि दर थोड्या वेळानं उठून उभी राहत होती, घंटा झाली असेल आणि आपल्याला ऐकू आली नसेल म्हणून. तिला मी दोनदा बसवलं. तिसऱ्यांदा उठली तेव्हा मला तिच्याकडं बघवेना.

यंत्र कडकडलं. मास्तरांनी मान हलवली.

मी ऑफिसात शिरलो. तिथं पाऊल ठेवायची मला बंदी होती. कोपऱ्यातला दांडा माझ्या हातानं उचलला, बाहेर आलो आणि घंटा दिली. जोरात दिली. लिंबाखालची माणसं उठली. मी ओरडून सांगितलं, "खिडकीला चला. सगळे चला. मागं थांबायचं न्हाय." मुसाफिरखान्यातले काही जण माझ्यावर खेकसले. पण आमचे लोक आले. बिचकत आले, पण आले. खिडकी बंद होती. म्हातारीनंच पहिल्यांदा तिच्यावर थाप मारली.

मास्तर बाहेर आले. "कुणी सांगितलं घंटा द्यायला?"

"तारेनं सांगितलं," मी म्हणालो.

त्यांनी मला थोबाडीत दिली नाही. द्यायची तर मला शिवावं लागलं असतं. आत वळून टेबलावरची दौत उचलली आणि फेकून मारली. कोटावर शाई सांडली. थापा थांबेनात तेव्हा खिडकी उघडावीच लागली. गाडी आली तेव्हा फलाट माणसांनी भरला होता आणि इनामदार त्या माणसांतून वाट काढत आपल्या डब्याकडं गेले. त्यांना काही झालं नाही. नुसता धक्का लागला. धक्क्यानं कुणी मरत नाही.

चार दिवसांत मला काढलं. कागदावर कारण लिहिलं होतं, बेशिस्त. बिल्ला मी जमिनीवर ठेवला नाही. टेबलावर ठेवला.

कुणाला वाटेल, इथं माझी सुटका झाली. नाही झाली. मी सरळ आत्तीच्या घरी गेलो. सिद्रामला समोर बसवलं आणि दोघांना सगळं सांगितलं. तार कधी आली, घंटा कधी दिली, मध्ये किती वेळ गेला. वड्यापाशी थांबूनसुद्धा ते वेळेत आले होते. सिद्राम ऐकत राहिला. मग उठला आणि त्यानं माझ्या तोंडावर दोन हाणल्या. मी हात वर केला नाही. तो घराबाहेर गेला आणि भिंतीला धरून गुरासारखा रडला. त्या रडण्यात मला पहिल्यांदा भागू मेल्याचं दुःख ऐकू आलं. इतके दिवस ते दुःखसुद्धा त्याच्या अंगावरच्या दोषाखाली दबून होतं.

आत्ती म्हणाली, "माज्या लेकाला म्हैनाभर जाळलास तू. आता हितं रडत बसू नगो. जितं जितं माजं पोर तोंड लपवून फिरलं, तितं जा आणि सांग, घंटा कुणी दाबून धरली ती."

तिनं मला त्या दिवशी पाणी दिलं नाही. पुढंही कधी भाकर वाढली नाही. मी मागितली नाही.

मी सांगत फिरलो. आधी त्या दहा गावांत, मग लाईनीच्या दोन्ही अंगांनी, मंद्रूपच्या बाजारात, टेंभुर्णीपर्यंत. नाव घेऊन सांगितलं, स्वतःचं. काही ठिकाणी लोकांनी हाकललं, काही ठिकाणी थुंकले. बरोबर केलं. तरी मी सांगतो, आणि पाय आहेत तोवर सांगणार. घंटेची वाट बघू नका. लिंबाखाली बसू नका. उजाडल्याबरोबर खिडकीशी जाऊन उभे राहा. खिडकी उघडली नाही तर थापा मारा. फाटकावर जो कडी लावून उभा असेल तो बहुतेक आपल्यातलाच असेल, बिल्ला लावलेला, माझ्यासारखा. त्याच्या नोकरीची काळजी करू नका. तो तुमचा भाऊ निघाला तरी करू नका. कडी काढा आणि आत जा.