निपाणीच्या गाडीतली जर्मन

माझ्या मुलीला जर्मन शिकायचं होतं आणि मी पाहुण्यांसमोर तिची थट्टा केली, ही माझी चूक. "जर्मन शिकून काय आपल्या कंग्राळी गावच्या म्हशी हाकणार हाईस?" असं म्हणालो. सगळे हसले. तिनं पुन्हा क्लासचा विषय काढला नाही.

त्याच आठवड्यात निपाणीहून बेळगावला येताना शेजारी नर्सिंगची एक पोरगी बसली. कानांत इअरफोन, ओठ सारखे हलत होते. जीभ अडखळली की ती पुढच्या सीटच्या दांडीवर बोटांनी ताल धरायची. मध्येच कंडक्टरशी कानडीत भांडली, आईला फोनवर "भाकरी ठेव गं" म्हणाली आणि परत पुटपुटू लागली. विचारलं तर म्हणाली, जर्मन.

"लई अवघड असंल न्हाय?"

"काका, तुम्हाला कानडी कुणी शिकवली?"

"कोण शिकवणार? गल्लीत खेळता खेळता आली."

"मग ही गल्ली जरा लांब हाय, एवढंच!" ती खळखळून हसली. "तिकडं दवाखान्यात नोकरी करायची हाय. म्हाताऱ्या माणसाला कुठं दुखतंय, ते त्याच्या बोलीत विचाराय नको व्हय?"

मराठी, कानडी, हिंदी अशा तीन भाषांत रोज वावरणारा मी चौथीला घाबरलो होतो, आणि ती भीती माझ्या मुलीच्या गळ्यात बांधली होती.

उतरेपर्यंत त्या पोरीकडून एक वाक्य घोकून घेतलं. घरी मुलगी चपात्या लाटत होती. दारातूनच म्हणालो, "एस टूट मीर लाइट."

ती लाटणं धरून बघतच राहिली. मग मराठीतही सांगितलं, "चुकलं गं माझं. क्लासला जा."