कल्हई जाते कुठे

"हात पुढे करा. आता दोन्ही पंजे वर करा. चौकातला पोलीस गाड्या थांबवतो ना, तसे."

नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई सांगत होत्या. आता पोलिसाचं काम मी तीन नाटकांत केलेलं. छाती काढली, भिवया चढवल्या आणि पंजे झोकात वर केले. डावा उठला. उजवा मनगटापासून खाली लोंबत राहिला, खुंटीवर टांगलेल्या रिकाम्या पिशवीसारखा.

बाईंनी माझा खालचा ओठ ओढून बॅटरीच्या उजेडात हिरड्या पाहिल्या. दातांच्या मुळाशी निळसर रेघ होती. मला ती पानाची वाटत होती.

"छापखान्यात काम करता?"

"नाही. खापा गावी हातमाग आहे. लुगडी विणतो."

"रंगाचं काम?"

"सूत रंगवूनच येतं."

"पाणी कशात पिता?"

हा तर माझा आवडता विषय. मी उकळलेल्या पाण्यावर पाच मिनिटांचं भाषण दिलं. बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "ते भांडं घेऊन या. मला लेड पॉयझनिंग वाटतंय. म्हणजे तुमच्या अंगात शिसं गेलंय. हात पडलाय त्याला रिस्ट ड्रॉप म्हणतात. मनगट उचलणाऱ्या नसा शिशानं दुबळ्या होतात."

"परत उठंन का, बाई?" माझ्या बायकोनं, शेवंतानं विचारलं.

"उठेल असं आज सांगत नाही. उठणारच नाही असंही सांगत नाही."

मागावर उजव्या हातानं दोरीला झटका द्यायचा असतो, तेव्हा आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे पळतो. तो झटका गेला की कोष्टी संपला. मला दुसरं काहीच येत नव्हतं. शेवंताचा चेहरा पांढरा पडला. आणि मला काहीच वाटलं नाही. मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होतो.

आजारी माणसांनो, हे मी तुमच्यासाठी मुद्दाम लिहितो आहे. वाईट बातमी ऐकल्यावर रडू आलं नाही तर तुम्ही दगड आहात असं समजू नका. मी गावातला सगळ्यात बोलका माणूस. मयताला गेलो तरी चार लोकांना हसवून परत येणारा. तोच मी त्या दिवशी फलाटावरच्या बोचक्यासारखा बसून होतो.

गोष्ट आणीबाणी उठली त्या वर्षाची. आदल्या पावसाळ्यात मला कावीळ झाली होती. कारण मीच. परसात नवा संडास बांधला, मोठ्या हौसेनं चार लोकांना बोलावून दाखवला, आणि त्याचा खड्डा घरच्या विहिरीपासून दहा पावलांवर खणला. झरा खालून कुठं जातो ते माझ्या डोक्यात आलं नाही. पिवळा झालो तेव्हा आलं. खड्डा बुजवला, विहिरीचं पाणी धुण्याभांड्यापुरतं ठेवलं आणि प्यायचं पाणी गल्लीपलीकडच्या विहिरीतून आणू लागलो.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण सुधारलेल्या माणसाला धीर नसतो. मी स्वतःसाठी वेगळं, उकळलेलं पाणी सुरू केलं. त्यासाठी सासऱ्यांनी दिलेला पितळी गंज काढला. पातेल्याला आमच्याकडे गंज म्हणतात. रोज संध्याकाळी पाणी उकळायचं, त्यात लिंबू पिळायचं, झाकून ठेवायचं आणि सकाळी उपाशीपोटी दोन लोटे प्यायचे. घरच्यांना दोन दिवस पाजलं. पोरांनी तोंडं वाकडी केली आणि माठाकडे वळली. मी त्यांना अडाणी म्हणालो.

पितळेत आंबट कळकतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून आमच्या गल्लीत येणाऱ्या मोतीरामकडून गंजाला कल्हई करून घेतली. त्यानं भाता मारला, नवसागर फिरवला, कापसाच्या बोळ्यानं एक गिरकी घेतली, आणि गंज आतून असा चमकला की मी त्यात मिशा पाहून घेतल्या. पंधरा दिवसांत चमक गेली. पुन्हा कल्हई. पुन्हा पंधरा दिवस.

"आवो, इतकी कल्हई जाते कुठं?" शेवंतानं एकदा विचारलं.

"चंद्रावर," मी म्हणालो.

ती माझ्या पोटात जात होती.

दोनेक महिन्यांनी पोट दुखू लागलं. बेंबीभोवती पीळ पडायचा, मी गुडघे छातीशी घेऊन पडायचो. शौचाला चार चार दिवस होत नसे. मग उपाय काय? लिंबूपाणी! एका लिंबाची दोन झाली, दोनाची चार. लिंबू जितकं जास्त तितकं कल्हईतलं शिसं पाण्यात जास्त उतरणार, आणि शिसं जितकं जास्त तितकं पोट जास्त बांधणार. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त लिंबं वाढवत होतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना तोच उपाय सांगत होतो. माझं कोणी ऐकलं नाही, हे माझं नशीब.

गावातल्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, मग गॅसचं. शेवंताची मावशी म्हणाली, नजर लागली.

हात पहिल्यांदा पडला तो भर स्टेजवर. गणपतीत आमच्या आळीचं नाटक होतं, मी राजा होतो. प्रजेला आशीर्वाद देण्यासाठी हात उचलला आणि पंजा टपकन खाली लटकला. लोक खदखदून हसले. मी नट. हशा आला की पुन्हा करायचं, एवढंच मला कळतं. मी तीनदा आशीर्वाद दिला. तिसऱ्यांदा लोक बाकांवर उभे राहिले. दुसऱ्या दिवशी मागावर बसलो, दोरी धरली, आणि झटका काही बसेना. शेवंता सुताच्या कांड्या भरत होती. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं, उठली आणि पिशवी भरायला लागली.

तर गंज दवाखान्यात आला. बाईंनी पांढरा कागद आतून घासला. कागदावर राखाडी ओरखडा उठला.

"चांगल्या कल्हईत नुसतं कथील असतं," बाई म्हणाल्या. "कथील महाग पडतं, म्हणून कोणी त्यात शिसं मिसळून विकतं. दिसायला सारखंच. हे भांडं आम्ही तपासणीला ठेवून घेतो."

सुईनं बोटातलं रक्त काढून काचेवर पसरलं. सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशींवर निळे ठिपके दिसले. भांड्याचाही निकाल आला. शिसंच. शेवंताचं आणि पोरांचं रक्त तपासलं, ते चांगलं निघालं. ही बातमी ऐकूनही मी फक्त मान हलवली.

ईडीटीए नावाचं औषध सलाइनमधून सुरू झालं. ते शिशाला धरतं आणि लघवीवाटे बाहेर काढतं. पाच दिवस द्यायचं, मग थांबायचं, मग पुन्हा पाच दिवस. लघवी मोठ्या बाटलीत जमा करून तपासायला जायची. माझ्या अंगातलं काही कोणी इतकं जपून नेत आहे, हे प्रथमच घडत होतं. एरवी यावर मी अर्धा तास वॉर्ड हसवला असता. विनोद सुचत होते, पण ते सांगायला तोंड उघडावंसं वाटत नव्हतं.

बाई रोज टाचणी टोचून पाहायच्या. "कळतंय?" कळत होतं. हाताला थंड, गरम, टोचलेलं सगळं कळे. तो फक्त उठत नव्हता. माझं उलटं होतं. मी उठत होतो, बसत होतो, जेवत होतो. शेजारच्या खाटेवरचे म्हातारेबाबा एका दुपारी गेले. चादर बदलली, नवा माणूस आला. मी त्याला पेरू दिला.

एकदा बाईंना म्हणालो, "मला काही वाटत नाही."

"हेही शिशानं होऊ शकतं," त्या म्हणाल्या. "नाही तर भीतीनं. नक्की कशानं ते मलाही सांगता येणार नाही. वाट पाहू."

डॉक्टरनं "मला माहीत नाही" म्हणणं किती बरं वाटतं, हे ज्यानं वाट पाहिली आहे त्यालाच कळेल.

घरी आलो ते मनगटाखाली फळी बांधून. माग शेवंता चालवत होती. बाया कांड्या भरतात, मागावर बसत नाहीत, असं आळीत चार जणांनी सुनावलं. ती म्हणाली, "मंग तुमी बसा." कोणी बसलं नाही. मी शेजारी पाटावर बसून मऊ चेंडू दाबायचो, मग फळी सोडून हात मांडीवर ठेवून बोटं वर उचलायचा प्रयत्न करायचो. रोज शंभरदा. पोरं मोजायची.

एका सकाळी शेवंताचा धोटा थांबला.

"पुन्ना करा," ती म्हणाली.

मी पाहिलं. मधलं बोट मांडीवरून तांदळाच्या दाण्याएवढं उचललं गेलं होतं. ती पदरात तोंड घालून रडली. मी म्हणालो, "चहा टाक." अजून आत काही हललं नव्हतं.

चार महिन्यांत मनगट पोलिसापुरतं उठू लागलं. दोरी ओढता येऊ लागली, झटका मात्र जुना राहिला नाही. तेव्हा मी ठरवलं, आता मोतीरामला गाठायचं. भाषण तयार केलं. तीन भाग होते. पहिल्या भागात त्याला विषारी म्हणायचं होतं, दुसऱ्यात अख्ख्या गल्लीला साक्षीला बोलवायचं होतं, तिसऱ्यात क्षमा.

मोतीराम बाजारामागे खोली घेऊन राहायचा. दारात भट्टी पेटली होती. मी पायरीवरच आवाज लावला, "काय गा मोतीराम!"

तो वळला. सांडशी त्याच्या डाव्या हातात होती. उजवा मनगटापासून खाली लोंबत होता.

"या, नामदेवभाऊ," तो म्हणाला. "लई दिवसानं आले. गंज आनला का?"

माझं भाषण गेलं. मी त्याचा ओठ धरून खाली ओढला.

"आता! काय करून राहिला गा?"

हिरडीवर रेघ होती. माझ्यापेक्षा काळी.

"हात कधीपासून?"

"झालं वर्षभर. लकवा हाये म्हनते लोकं. आता डाव्यानंच घासतो." दर पंधरवड्याला मी त्याच्याकडून गंज घेत होतो आणि त्यात फक्त माझ्या मिशा पाहत होतो. मग तो कथलाच्या तुकड्याकडे मान करून म्हणाला, "आजकाल हा रांगा बी चांगला भेटत नाई. बाजारात दुकानदार देते थेच घेतो. लवकर वितळते, पर धूर लई लागते."

त्यानं मला मुद्दाम विष दिलं असावं, असं मी चार महिने मनात धरून बसलो होतो. तो ते माझ्याआधी आणि माझ्यापेक्षा जास्त खात होता.

"उद्या सकाळच्या गाडीनं नागपूरले जाचं हाये," मी म्हणालो. "भट्टी इझव."

"काहून?"

"तुले लकवा नाई. थे मले झालं होतं, थेच हाये."

घरात पितळ वापरत असाल तर आंबट कधी त्यात ठेवू नका. पाणी उकळलं तर साध्या लोखंडात किंवा स्टीलमध्ये उकळा. कल्हईवर पांढरा कागद घासून पाहा. कागद काळवंडला तर भांडं बाजूला ठेवा आणि कल्हईवाल्याशी भांडण्याआधी त्याचे हात पाहा.

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात रांगेत उभे होतो. मोतीरामला लिहिता येत नव्हतं. मी त्याचा कागद भरायला घेतला, उजव्या हातानं, वेडंवाकडं. नाव. वय. गाव. पुढं होतं, सोबत आलेल्याचं नातं.

मी थांबलो. "काय लिहू गा? मी तुया कोन?"

मोतीरामनं गंभीरपणे विचार केला. "गिऱ्हाईक," तो म्हणाला.

मी हसलो. खिडकीतला कारकून वर पाहू लागला. मागचे लोक पाहू लागले. मला हसू आवरेना, आणि मग ते कधी फिरलं कळलं नाही. मी रडत होतो. खिडकीचा कठडा धरून, नाक पुसत, भर रांगेत. याचा हात वर्षभर पडलेला. तो उठेल की नाही? मला भीती वाटत होती. पोटातून, खरीखुरी.

मोतीराम पाहतच राहिला.

"काहून रडून राहिला गा?" तो हळूच म्हणाला. "हात माया पडला हाये, तुया नाई."