चार बोटांचं माप

माझ्या सासऱ्यांना गॅरेजात सगळे चारबोटे म्हणायचे. नवखं गिऱ्हाईक हे नाव ऐकून आधी त्यांच्या हातांकडे बघायचं, कुठलं बोट गेलंय म्हणून. पण दहाच्या दहा बोटं शाबूत होती. गाडी आली की बाबा आधी चाकाशी वाकायचे आणि टायर आणि मडगार्डची कड यांच्यामधल्या फटीत चार बोटं घालायचे. चारही बोटं नीट बसली की स्प्रिंग ठीक. एकतीस वर्षं त्यांनी असंच मोजलं, टेपला कधी हात लावला नाही. मला ते सहनच व्हायचं नाही, कारण मी कपड्यांच्या कारखान्यात कटिंग करते. माझ्या गळ्यात टेप नसला तर मला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

स्प्रिंगबद्दल त्यांचं मत ठाम होतं. "स्प्रिंग झिजत नाही. एक तर ती असते, नाहीतर तुटते. मधलं काही नाही." गाडी जुनी झाल्यावर मागून बसल्यासारखी वाटते, असं कुणी म्हणालं की ते शॉकअपवर खापर फोडायचे, मग बुशवर, मग टायरच्या हवेवर आणि अगदीच काही सापडलं नाही तर गिऱ्हाइकाच्या वजनावर. पुरावा म्हणून घरची गाडी होतीच. एकोणीस वर्षांची झाली तरी तिच्या मागच्या चाकावर अजून चार बोटं जात होती. पाहुणे आले की त्यांनाही हे बघायला लागायचं.

बाबांनी गॅरेज सोडल्यावर दोनेक वर्षांनी दोन गोष्टी एकदमच सुरू झाल्या. मागच्या सीटवर तिघं बसले आणि स्पीडब्रेकर आला की गाडीखालून ठक्क असा आवाज यायला लागला. आणि बाबा वाळायला लागले. मी माप घेऊन शिवलेल्या शर्टाची कॉलर त्यांच्या मानेभोवती फिरायला लागली. जिना चढताना ते मध्येच थांबायचे आणि खिशात काहीतरी शोधल्यासारखं करायचे. एकदा मी विचारलं, काय हरवलंय? तर म्हणाले, "तुझी अक्कल." मीही काही कमी नाही. मी म्हटलं, सापडली तर आधी स्वतः वापरा.

सासूबाईंनी डॉक्टरांचा लकडा लावला. रोज सकाळ-संध्याकाळ तेच. शेवटी बाबा कावले आणि म्हणाले, "आवाज सापडू दे. हातातलं काम अर्धवट टाकून मी कुठे जात नाही. आवाज सापडला की दुसऱ्या दिवशी डॉक्टर. शब्द देतो."

त्यांनी दिलेला शब्द मोडल्याचं घरात कुणालाच आठवत नव्हतं. त्यामुळे आम्ही मान डोलावली आणि तिथेच फसलो. आता अख्ख्या घराचा जीव त्या एका ठक्कवर टांगणीला लागला.

बाबांनी मागचे दोन्ही शॉकअप बदलले. आवाज तसाच. बुश बदलले. शॉकअपच्या वरचे रबर बदलले. डिकी रिकामी केली, स्टेपनी काढून अंगणात ठेवली, जॅक फडक्यात गुंडाळला. माझ्या नवऱ्याला, मला आणि सासूबाईंना मागे बसवून त्याच त्या स्पीडब्रेकरवरून इतक्या वेळा नेलं की तिथला न्हावी आम्हाला हात करायला लागला. दर वेळी ठक्क. दर वेळी बाबा मान हलवून म्हणायचे, "अजून नाही सापडलं."

आणि त्यांना एका जागी बसवेना. दात घासायच्या आधी बाहेर जाऊन चाकाशी वाकायचे, बोटं घालायचे, आत यायचे. जेवताना अर्ध्यातून उठायचे. पेपर उघडायचा, मिटायचा, पुन्हा गाडीपाशी. सुट्टीच्या एका दिवशी मी मोजलं, अकरा वेळा. त्यांचं बघून मलाही धड बसवेना. हातातलं काम सोडून मी खिडकीशी जायची आणि तो वाकलेला, हाडं दिसणारा पाठीचा कणा बघून चिडचिड करायची. नवरा म्हणायचा, "बाबांना सांगून काही होणार नाही." त्याचं बरं होतं, तो सांगतच नव्हता.

दोन महिने झाले. एका दुपारी मी अर्धी सुट्टी टाकली आणि थेट गॅरेज गाठलं. तिथे जाड्या असतो. बाबांच्या हाताखाली आला तेव्हा काडीपैलवान होता म्हणून हे नाव. आता पन्नाशीचा आहे, गॅरेजचा मालक आहे आणि नाव त्याने खरं करून दाखवलंय.

मी सगळं सांगितलं. तो हात पुसत म्हणाला, "वहिनी, मिस्त्रींना एक ठक्क सापडेना? गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच ते सांगायचे काय झालंय ते."

"वय झालंय त्यांचं. तू सांग, काय असेल?"

"मागच्या स्प्रिंगा बसल्या असणार. बसतात की. गाडी चालो न चालो, वीस वर्षं वजन अंगावर घेऊनच असतात. हळूहळू खाली येतात. गंज धरला तर तुटतातही. मग गाडीत माणसं बसली की खाली टेकते आणि ठोका देते. मिस्त्रींसमोर हे बोलायची कुणाची छाती नव्हती, एवढंच."

"पण चार बोटं जातात रे. मी डोळ्यांनी बघितलंय."

जाड्याने डोकं खाजवलं. मग आतल्या भिंतीवरून एक लोखंडी पट्टी काढून आणली. बाबा रजेवर असले की बाकीच्यांना माप कसं कळणार, म्हणून फार वर्षांपूर्वी त्यांनीच ती कापली होती. बरोब्बर स्वतःच्या चार बोटांएवढी रुंद, कडा कानशीने घासलेल्या. "ही घालून बघा," तो म्हणाला.

मी घरी आले तेव्हा बाबा चाकाशीच बसले होते. मी शेजारी टेकले आणि पट्टी फटीत घातली. गेली नाही. मडगार्डच्या कडेला अडली. तिरकी करून बघितली, दुसऱ्या चाकाला लावून बघितली. नाही म्हणजे नाही.

"पट्टी चुकीची आहे," बाबा म्हणाले.

"तुम्हीच कापलीये."

त्यांनी त्याच फटीत हात घातला. चारही बोटं आत गेली, अगदी सहज.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. एकतीस वर्षांची मिजास उतरवायची संधी होती. मी त्यांचा हात ओढला, बोटं जुळवली आणि वर पट्टी ठेवली. पट्टी बोटांच्या बाहेर आली. मी सवयीने गळ्यातला टेप लावला. फरक एका सेंटीमीटरला थोडासाच कमी. आकडा वाचला आणि मग मला कळलं की मी काय मोजतेय. माझ्या हातात हात कसला, नुसती हाडं होती. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

बाबांनी हात सोडवून घेतला. "स्प्रिंगा आणू. बसवतो. मग बघू डॉक्टरांचं."

"सापडला की, असं ठरलं होतं," मी म्हणाले. "बसवल्या की, असं नाही."

ते हात धुवायला गेले आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं दवाखान्यात होतो. आमचा नंबर चौदावा. पहिल्या पाचांपर्यंत बाबा उभेच. भिंतीवरच्या पाट्या वाचून झाल्या. दार करकरत होतं, त्याच्या बिजागरीला हात लावून झाला. खुर्च्या सरळ केल्या, त्यातल्या एकीवर एक बाई बसली होती, तिने डोळे वटारले. मी त्यांना बाहीला धरून खाली बसवलं.

जरा वेळाने ते समोर बघत म्हणाले, "आवाज मला पहिल्याच दिवशी कळला होता."

"काय?"

"स्प्रिंग बसली की तसाच ठोका येतो."

"झिजत नाही म्हणायचात ना?"

"तोंडाने म्हणायचो. कान ऐकतातच की." त्यांनी मांडीवर हात पालथा ठेवला. "खाली उतरून बोटं घातली. म्हटलं, आता तीनच जातील. चारही गेली. गाडी खाली आलीये आणि बोटं तरी जातायत. मग काय कमी झालं, ते कळायला मला डॉक्टर कशाला लागतो?"

ते शॉकअप, ते बुश, ती स्टेपनी अंगणात.

"मग ते सगळं कशासाठी केलंत?"

"दिवस ढकलत होतो."

"आणि रोज चाकाशी वाकत होतात ते?"

"गाडी कुठे मोजत होतो मी," बाबा म्हणाले.

मला ओरडायचं होतं. दोन महिने, बाबा, दोन महिने घालवलेत तुम्ही, असं त्या सगळ्या माणसांसमोर ओरडायचं होतं. पण रडू आलं आणि ते गिळण्यातच माझा वेळ गेला. तेवढ्यात आतून चौदा नंबर पुकारला.

मी उठले. ते उठले नाहीत. दोन महिने ज्यांना घडीभर बसवत नव्हतं, ते खुर्चीच्या दोन्ही कडा पकडून बसून राहिले.

"तू जा आत," ते म्हणाले. "तूच विचार. आणि बाहेर येऊन मला सांग."