भावकीची नावं आणि केसाएवढी रेघ

"मॅडम, आमची भावकी कुठं गेली?" अनंत पाटलांनी मला विचारलं.

खोपोलीच्या प्रेसमध्ये त्यांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेचा पहिला नमुना नुकताच मशीनवरून उतरला होता. भावकी जागेवरच होती, फक्त वाचता येत नव्हती. वर नवरीचं नाव, प्रियंका, सोनेरी अक्षरांत झकास उठलं होतं. खाली काका, चुलतभाऊ, पुतणे यांच्या नावांच्या जागी मात्र कुंपणाचे खांब रोवल्यासारख्या नुसत्या उभ्या रेघा.

मी टाइप डिझायनर. पुस्तकात किंवा मोबाइलवर तुम्ही जी अक्षरं वाचता ती कोणीतरी बसून काढलेली असतात, ते माझं काम. कर्जतला घरीच करते. अक्षरं कॉम्प्युटरमधून आपोआप येतात असं म्हणणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडून दिलंय.

पत्रिकेतला टाइपफेस, म्हणजे एका वळणाचा अक्षरसंच, माझा लाडका. हाय कॉन्ट्रास्ट, म्हणजे उभ्या रेघा चांगल्या जाड आणि बाकीच्या केसाएवढ्या बारीक. रेघ संपते तिथे छोटंसं नाजूक टोक, त्याला सेरिफ म्हणतात. मोठ्या आकारात हे अक्षर असं डौलात उभं राहतं की मलाच माझं कौतुक वाटतं. काढलं होतं हेडिंगसाठी. पण प्रियंकाने ते एका मासिकात पाहिलं, मला शोधून काढलं आणि मी बजावूनही प्रेसला अख्खी पत्रिका त्याच अक्षरात लावायला सांगितली. प्रेसवाल्या दळवींनी लावली, आणि पहिला नमुना पाहायला मलाही बोलावलं.

त्यात छपाई गोल्ड फॉइलची. तापवलेला ठसा सोनेरी पापुद्र्यावर दाबतात आणि सोनं कागदाला चिकटतं. केसाएवढी रेघ छोट्या आकारात चिकटतच नाही. अक्षरांच्या डोक्यावरची शिरोरेषाच उडाली, तर मराठीचं उरणार काय?

"नेहमीची अक्षरं टाका," पाटील म्हणाले. "ती काय वाईट हायेत?"

"बाबा, तारीख गुरुजींनी काढली, हॉल मामांनी ठरवला," प्रियंका म्हणाली. ती तिथल्याच एका कारखान्याच्या लॅबमध्ये आहे, आवाज न चढवता बोलते. "पत्रिका तेवढी मी मागितली होती."

"मग थोडी नावं कमी करू या," दळवी म्हणाले.

पाटलांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की दळवी उठून चहा सांगायला गेले. इकडे पत्रिका म्हणजे हजेरीपट असतो. ज्याचं नाव नाही तो लग्नाला येत नाही, आणि आलाच तर न जेवता जातो. नावं मोठी करावीत तर पत्रिकेची पोथी झाली असती.

मग पाटलांनी खरी गोष्ट सांगितली. लोधिवलीचे दामूअण्णा हे त्यांचे थोरले चुलतभाऊ. जमिनीच्या वाटणीवरून कित्येक वर्षं बोलणं बंद. आता पहिल्यांदा त्यांचं नाव पत्रिकेत येत होतं. "छापायच्या आधी थोरल्याला दाखवायची आमच्यात रीत हाय. मी सोता जानार. नाव असं मोडकं दिसलं तर मुद्दाम केलं म्हनतील. परत दार उघडायचे नायत."

माझ्या एका बारीक रेघेवर दोन घरं अडली होती.

लांबच्या माणसाला हाक मारताना आपण आवाज चढवतो, तशी छोट्या अक्षराला रेघ चढवावी लागते. आमच्या भाषेत याला ऑप्टिकल साइझ म्हणतात. अक्षराचं वळण तेच ठेवायचं, पण बारीक रेघा जाड करायच्या, पोटातली जागा मोकळी करायची, शेजारच्या अक्षरापासून जरा लांब बसवायचं. अख्ख्या टाइपफेसचं असं करायला महिने जातात. म्हणून मी नावांत आलेली अक्षरं तेवढीच वेचली.

"म्हंजे सगली अक्षरं नाय?" पाटलांनी विचारलं.

"तुमच्या भावकीपुरती," मी म्हटलं.

दुसरा नमुना निघाला. प्रियंकाने वरची आणि खालची अक्षरं निरखून पाहिली. "यात बदललं काय? मला तर एकच वाटतंय." इतकी शाबासकी मला कोणी दिली नव्हती.

लोधिवलीला पाटलांनी मलाही ओढत नेलं. दामूअण्णा ओटीवर बसले होते. त्यांनी 'या' म्हटलं नाही, पण पत्रिकेसाठी हात पुढे केला. चष्मा लावून, नावाखाली बोट धरून वाचू लागले. स्वतःच्या नावाशी बोट थांबलं. ते त्यांनी मोठ्याने वाचलं. मग बोट तळापर्यंत गेलं आणि पुन्हा वर आलं.

"आनंता, आमचा यज्ञेश कुठं हाय रं?"

"कोन यज्ञेश?"

"माझा नातू. तू आलाच नायस इतकी वर्सं, तुला कसा ठावूक असंल?"

पाटलांचे डोळे भरले. "चुकलं, अन्ना. टाकतो."

"टाक. माझ्या खालीच टाक. गं सूनबाई, च्या टाक."

परतताना पाटील गाडीत गुणगुणत होते. मी मनात 'ज्ञ' जुळवत होते, कारण भावकीत तोवर तो कोणाच्याच नावात नव्हता. अक्षर मोठं गुंतागुंतीचं. दुसऱ्या दिवसाची दुपार सगळी त्यात गेली आणि मी ती आनंदाने घालवली.

दामूअण्णा लग्नाला घरच्या सगळ्यांना घेऊन आले आणि पंगतीत वाढायलाही उभे राहिले. पत्रिका छान होती असं मला तिथे कोणीच म्हणालं नाही. छोट्या अक्षराचं काम साधलं की नाही, ते कौतुकावरून कळत नाही. राहिलेलं नाव कोणी मागायला आलं, की समजावं, वाचलं गेलंय.