मस्कतच्या पैशांची शाळा

वडील मस्कतला वेल्डिंग करायचे. त्यांनी पाठवलेल्या पैशांवर मी कर्जतच्या इंग्रजी शाळेत शिकत होते. मी आठवीत असताना ते सुट्टीवर कशेळ्याला घरी आले आणि त्यांनी माझं प्रगतिपुस्तक पाहिलं. मी चार विषयांत नापास होते. त्यांनी कमरेचा पट्टा काढला. माझ्या पाठीवर वळ उठले, तेव्हा आई मध्ये पडली.

"तिला मारू नका. तिला इंग्रजी कळतच नाय. पोरगी हुशार हाय, असं फोनवर मीच खोटं सांगत होते."

मग पट्टा तिच्यावर चालला. तिचा ओठ फाटला, तरी तिनं मला सोडलं नाही.

जूनमध्ये मी मराठी शाळेत गेले आणि पास होऊ लागले. वडील मस्कतला परतले आणि पैसे पाठवतच राहिले. फोनवर ते अभ्यासाचं विचारायचे, तेव्हा मी फोन आईकडे द्यायचे.