हो की नाही

मी साक्ष द्यायला कोर्टात शिरले, तसा मागच्या बाकावरचा प्रकाश चटकन उभा राहिला. सातवीच्या वर्गात राहायचा तसाच. हवालदाराने खांदा दाबून त्याला खाली बसवलं. तो खुनाचा आरोपी होता आणि मी त्याची जुनी वर्गशिक्षिका.

सरकारी वकिलांनी विचारलं, "शाळेत असताना याने एका मुलाचं डोकं फोडलं होतं?"

"हो, पण त्या मुलाने याच्या आईवरून घाणेरडं..."

"बाई, हो की नाही, एवढंच सांगा."

"हो."

न्यायाधीशांकडे पाहून, माझं वाक्य अर्धं राहिलंय, एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? पण जन्मभर मुलांना गप्प बसायला शिकवता शिकवता मीच ते चांगलं शिकले होते. जबाबावर सही करून मी खाली उतरले.

प्रकाशला जन्मठेप झाली. निकालाच्या दिवशी व्हरांड्यात त्याची आई समोर आली. मला वाटलं, आता तोंडावर थुंकेल. तिने पदर सावरून हात जोडले.

"बाई," ती म्हणाली, "निदान तुम्ही तरी खोटं बोलला नाहीत."