पुरात बुडालेले दुधी

मांजर्लीत नदीजवळ आमचं घर, तळमजल्यावर. मागच्या मोकळ्या जागेत सासऱ्यांनी रिटायर झाल्यावर पालक, भेंडी, वांगी लावली आणि मांडवावर दुधी चढवला. "बाजारातल्या भाजीचा भरवसा नाही, आपण घरचंच खायचं," असं ते येईल त्या पाहुण्याला ऐकवायचे. भाजीवाल्याकडे जाणं आम्ही सोडलं होतं, आणि त्याचं मलाही कौतुक होतं.

मग पावसाळ्यात नदी घरात शिरली. आम्ही सगळे दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे जाऊन राहिलो. पाणी ओसरल्यावर मी खाली आले, तर मागे संडासाच्या टाकीचं झाकण वाहून गेलेलं. पालकावर काळा चिकट राडा, त्यात कुणाच्या तरी बाळाचे डायपर, फुगलेली घूस. ओढणी नाकाला लावूनही मी तिथेच ओकले. भिंतीवरची चिखलाची रेघ मांडवाच्याही वर होती. दुधी तसेच लटकत होते, गाळाने माखलेले.

दुसऱ्या दिवशी तेच दुधी धुऊन ओट्यावर ठेवलेले दिसले.

"बाबा, हे फेकायचेत ना?"

"कशाला? साल काढली की झालं. भाजी टाक."

"मी नाही करणार."

मग त्यांनी स्वतःच केली आणि मिटक्या मारत खाल्ली. मी मुलीचं ताट उचलून आत नेलं. नवरा खाली मान घालून वरणभात कालवत राहिला.

संध्याकाळी जिन्यात काकू भेटल्या. "बाबांनी दुधी दिला गं सकाळी. म्हणाले, उंचावर होता, पाणी लागलंच नाही. कोफ्ते केले, मस्त झाले!"

ज्या बाईने आम्हाला घरात घेतलं, अंथरुणं दिली, तिच्याशी असं खोटं? मला शिसारी आली. मी खरं काय ते सांगून टाकलं. काकू तोंडावर हात दाबून वर धावल्या.

सासरे भडकले. "काय गरज होती बोलायची? झालं का त्यांना काही?"

काही झालं नाही, हे खरं. पण काकूंनी आमच्याकडे येणं बंद केलं. मी दोनदा वर गेले, त्यांनी दारातूनच बोलून परत पाठवलं.

सासऱ्यांनी त्याच मातीत आता मेथी पेरलीय. मी स्टेशनजवळून भाजी आणते, वेगळ्या कढईत करते. जेवायला मात्र एकाच टेबलावर बसावं लागतं. त्यांचा घास घशाखाली उतरताना दिसला की मी मान फिरवते.